उशाखालचा विळा

विळा परत उशाखाली आला होता.

सकाळीच मी तो उचलून माळ्यावर, मोडक्या चाळणीच्या मागे टाकून आले होते. आणि आता न्हाऊन, ओवा-शेपाची धुरी घेऊन मधल्या खोलीत येते तर पोरीच्या इवल्याशा उशीखालून त्याची लाकडी मूठ बाहेर दिसत होती. पोर सोळा दिवसांची. तोंड उघडं टाकून झोपलेली. तिच्या कानापासून मूठ चार बोटांवर, आणि उशीखाली ते वाकडं पातं.

मी दारातच थांबले. कानाला रुमाल, अंगात स्वेटर, कपाळावर धुरीचा घाम. आत पाऊल टाकायची हिंमत होईना.

"आई, विळा तू ठेवलास?"

"मग कोण ठेवणार?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सारखा जातोय कुठं त्यो, म्हणते मी. उंदरं न्हेत्यात काय?"

"नको ना ठेवू. काय गरज आहे त्याची?"

"तू शिकीव जा तुझ्या शाळेतल्या पोरांस्नी. पाचवीला पुजलेला विळा हाय त्यो. सव्वा महिना उशाखालनं हलवायचा नसतो. लोखंड असलं म्हंजे वाईट वारं येत न्हाई लेकराजवळ."

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, विट्याला आले होते. नवरा शिराळ्याला पाटबंधारे खात्यात. आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस मुक्कामाच्या गाडीवर. घरात आई आणि मी, आणि भिंतीला भिंत लावून राहणारी वेणूकाकी. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. भूत नसतं, अंगात येणं खोटं असतं, हे दरवर्षी पोरांकडून घोकून घेत होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी काय केलं ते ऐकून तुम्हाला मला दोन शब्द सुनवावेसे वाटतील. सुनवा.

विळ्याचं पहिल्यांदा झालं ते आठव्या दिवशी. भर दुपारी, लख्ख उजेडात. मी पोरीचे लंगोट घडी करत बसले होते. आई मागं भांडी घासत होती. सहज उशीकडं नजर गेली, विळ्याची मूठ दिसली, आणि डोळ्यांपुढं एक चित्र आलं. माझा उजवा हात. मनगटात माझ्याच हिरव्या बांगड्या. तो हात पुढं होतो आणि मूठ धरतो. त्यानंतरचं मी आजही लिहिणार नाही.

मी लंगोट टाकून परसात धावले आणि जेवलेलं सगळं ओकले. आईला वाटलं, डिंकाचे लाडू बाधले.

तुम्ही म्हणाल, पोर नकोशी होती का? मुलगी झाली म्हणून? मुळीच नाही. लग्नानंतर पाच वर्षांनी झाली होती. तिच्या पायाचा तळवा मी दिवसातून दहादा गालाला लावत होते. जीव ओवाळून टाकावा इतकी ती मला आवडत होती. आणि त्याच माझ्या डोक्यात हे येत होतं. एकदा आलं ते गेलं नाही. तिला अंघोळ घालताना यायचं, पाजताना यायचं. मी डोळे मिटून पाजायला लागले. पाजून झालं की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. आई भाजी चिरायला घेऊन खोलीत बसली की काहीतरी निमित्त काढून परसात जायची. बारशाच्या दिवशी बायका पाळण्याखालून पोर एकमेकींच्या हातात देत होत्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" चाललं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी हातच पुढं केले नाहीत. नणंद हसून म्हणाली, "वहिनी लाजतात." नाव मृदुला ठेवलं. माझ्या घशाखाली पेढा उतरला नाही.

झोप गेली. पोर झोपली तरी मी टक्क जागी. कारण झोपेत माझा हात मला विचारून थोडाच हलणार होता?

सांगायचं कुणाला? आईला सांगितलं तर ती पोर उचलून घेईल आणि पुन्हा कधी माझ्या हातात देणार नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो मला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घालेल. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. एकदा तोंडातून बाहेर पडलं की ते खरंच होईल, असं मला ठाम वाटत होतं. म्हणून मी गप्प राहिले आणि विळा लपवत राहिले. पहिल्यांदा कणगीमागं, मग माळ्यावर. आई शोधून परत आणून ठेवायची. आमचा दोघींचा हा उद्योग आठवडाभर चालला.

त्या दिवशीही आईची पाठ वळल्यावर मी आत गेले. मुठीला हात लावायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा, म्हणून पदराचं टोक हाताला गुंडाळून, चिमटीत धरून, तोंड दुसरीकडं करून मी तो विळा बाहेर काढला आणि परसात जळणाच्या ढिगाकडं निघाले. मागच्या दारात वेणूकाकी उभी होती.

काकी बाई चांगली. कुणाचंही बाळंतपण असो, आजारपण असो, ही आधी हजर. पण घरात वाटी हरवली तरी कुणाची करणी म्हणून शोधणारी. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, गुंडाळलेल्या पदराकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. पाय न वाजवता मागं सरकली.

मी विळा ढिगात खुपसून आत येऊन पडले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून काकीचा आवाज आला. हळू बोलत होती, पण काकीचं हळू बोलणं चार घरांना ऐकू जायचं.

"आक्का, हेमीला लोखंड सोसंना झालंय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पदरात धरून, तोंड फिरवून नेत हुती."

"काय बोलतीयास वेणू!"

"जेवती का नीट? झोपती का? लेकराकडं बघून पाजती का? डोळं मिटून पाजती, तूच म्हणालीस न्हवं? आगं, ती आपली हेमी न्हवं. तिच्यातलं दुसरंच कोणतरी विळ्याला भ्यालंय."

आईचं रडणं ऐकू आलं. मला आधी हसू आलं. खरंच आलं. चौथीची बाई मी, मला भूत लागलं! मग हसू थांबलं आणि एक विचार आला. तो विचार मला इतका बरा वाटला की मी अंथरुणात उठून बसले.

माझ्यात भूत आहे असं यांना वाटलं, तर हे पोरीला माझ्याजवळ ठेवणार नाहीत. कुणीतरी सतत पहाऱ्याला राहील. मला काही सांगावं लागणार नाही. पोर वाचेल. आणि दोष कुणाचा? भुताचा. माझा नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, खरंच भूत असतं तर किती बरं झालं असतं.

दोघी आत आल्या. काकी पुढं, तिच्यामागं आई. काकीच्या हातात जळणातून काढलेला विळा होता. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"कोण हाईस तू?"

मी विळ्याकडं पाहून मागं सरकले. त्यात नाटक काही नव्हतं. नाटक त्यानंतर केलं. मी मान खाली घातली, केस तोंडावर येऊ दिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पोरीला न्या इथनं. लांब न्या."

आईनं किंकाळी फोडली आणि पोर उचलून सोप्यात पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरुषी आला. सायकलवरून आला, हवा गेली म्हणून आमच्याच घरी पंप आहे का विचारलं. मग हातपाय धुऊन गंभीर झाला. अंगारा लावला, लिंबू फिरवलं, माझ्या कपाळाकडं बराच वेळ पाहिलं. बाळंतपणात विहिरीत गेलेली कुणी बाई आहे म्हणाला. तिचा जीव लेकरात अडकलाय. अमावास्येला उतरवू. तोवर आठ दिवस हिनं उंबरा ओलांडायचा नाही आणि लेकराला हिचं दूध द्यायचं नाही.

"दूध बी?" आईनं विचारलं.

"दूध तर आजाबात न्हाई. तेच तर बाधलंय."

हे मी धरलंच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. दूध तरी पाजू द्या म्हटलं असतं तर सगळंच नाटक सोडावं लागलं असतं.

मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर विळा आडवा ठेवला. मी आत, पोर आईजवळ सोप्यात. मला परसात जायचं असलं की काकी विळा उचलायची, मी गेले-आले की परत ठेवायची. शेजारची शेळी व्यालेली होती. तिचं दूध पाणी घालून आई बोंडल्यानं पाजायला लागली.

पहिले दोन दिवस मी मेल्यासारखी झोपले. माझ्यात आणि पोरीत एक भिंत होती, उंबरा होता, दोन बायका होत्या. आता माझा हात कुठंच पोहोचणार नव्हता. झोपेतून उठले की छाती दगड झालेली असायची. पलीकडं पोर रडली की इकडं झंपर भिजायचा. मी दूध वाटीत पिळायची आणि काकी ती वाटी नाक मुरडून मोरीत ओतायची. मला रडू यायचं, पण मनात म्हणायची, असू दे. जिवंत तर आहे.

तिसऱ्या दिवशी पोर सारखीच रडत होती. आईच्या फेऱ्या वाढल्या. "परत झाली गं वेणू, पाण्यासारखी झाली," असं दोनतीनदा कानावर आलं. काकी म्हणाली, "बाधा जायला लागली की तसं होतं. पोट साफ होतंय."

चौथ्या दिवशी सकाळपासून रडणं ऐकू आलं नाही.

मी भिंतीला कान लावून बसले. बोंडलं ठेवल्याचा आवाज यायचा, आईचं "घे गं माझी बाय, घे की" यायचं. पोरीचा आवाज नाही. दहाच्या सुमाराला एकदा आला, मांजराच्या पिल्लासारखा, आणि थांबला. आठवडाभर मी विळ्याला भीत होते. आणि विळ्याला हात न लावता, चार दिवस नुसती गप्प बसून, मी तिला मारायला घेतलं होतं.

"आई!" मी हाका मारायला सुरुवात केली. "आई, इकडं ये. पोरीला घेऊन ये."

काकी सकाळीच शेताकडं गेली होती. आण्णा मुंबईच्या गाडीवर. आई एकटीच होती. ती पोरीला घेऊन आली आणि उंबऱ्यापलीकडं चार हातांवर थांबली. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून होती.

"शी-शू कधी केली तिनं?"

आईनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"लंगोट ओला आहे का बघ."

आईनं चाचपलं. "कोरडा हाय. सकाळपासनं कोरडाच हाय."

"टाळू बघ तिची. डोक्यावर हात ठेव."

तिनं हात ठेवला आणि तिचा चेहराच बदलला. टाळू खोल गेली होती. मला इथूनसुद्धा दिसत होतं की पोरीचे डोळे आत गेलेत.

"आई, तिला माझ्याकडं दे. माझं दूध चांगलं आहे. माझ्यात कुणी नाही. मी नाटक केलं होतं."

"व्हय, व्हय," आई म्हणाली.

"अगं, खरंच नाटक केलं. कुणी विहिरीतली बाई नाही, काही नाही."

"तुम्ही म्हणताय तर तसंच असंल."

मला आधी कळलंच नाही, काय वेगळं आहे ते. मग लक्षात आलं. माझी आई मला अहो-जाहो करत होती. पाहुण्या बाईशी बोलावं तसं, डोळे खाली घालून, मऊ आवाजात. माझ्याशी बोलतच नव्हती ती.

"आई, मी हेमा आहे."

"तुमचं काय हवं-नको असंल ते मागून घ्या," ती म्हणाली. "साडी मागा, कोंबडं मागा. पर माझ्या लेकीला सोडा. ह्या लेकराला सोडा. आम्ही तुमचं काय वाईट केलंय?"

मी जे काही बोलणार, ते आता भूत बोलणार होतं. मी रडले असते तर भूत रडलं असतं. दूध देते म्हणाले तर भुतालाच दूध पाजायची घाई. एवढी भीती मला त्या चित्रांचीही वाटली नव्हती. मी माझ्याच हातानं स्वतःला या घरातून नाहीसं केलं होतं, आणि माझी पोर माझ्यासमोर वाळून चालली होती.

माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती, आणि ती उंबऱ्यावर आडवी पडली होती.

मी पुढं झाले. आई मागं सरकली. मी उंबऱ्याशी वाकले. पदर गुंडाळला नाही. मूठ धरायची माझी छाती झाली नाही. मूठ धरली की चित्रातलाच हात झाला असता. म्हणून मी पातं धरलं, गच्च, उघड्या हातानं, आणि विळा उचलून उभी राहिले.

"हे बघ, लोखंड आहे. धरलंय मी. भुताला धरता आलं असतं का?"

आई भिंतीला टेकली. तिनं पोर दोन्ही हातांनी पोटाशी आवळली होती. माझ्या बोटांमधून रक्त यायला लागलं होतं. तिची नजर तिथं खिळली होती.

"मग लपवत का हुतीस?" ती म्हणाली. "विळा का लपवत हुतीस, हेमे?"

तिनं मला नावानं हाक मारली आणि माझा बांध फुटला.

"कारण मला दिसतं, मी हिला या विळ्यानं मारतेय म्हणून! रोज दिसतं. पाजताना दिसतं. दिवसातून पन्नासदा दिसतं. मला नाही गं मारायचं तिला, पण दिसतं. म्हणून लपवत होते. म्हणून भुताचं नाटक केलं, तुम्ही तिला लांब न्याल म्हणून. सांगायची लाज वाटली. आता माझ्या लाजेपायी ती उपाशी मरतेय. माझ्यात भूत नाही, आई. मीच आहे अशी."

बोलून टाकलं. छप्पर कोसळलं नाही. माझा हात माझ्या मनानं हलला नाही. बाहेर रस्त्यावर कल्हईवाला ओरडत गेला, तेवढं आठवतं.

मला वाटलं, आता आई दार उघडून पळेल, लोक गोळा करेल. ते मला चालणार होतं. कुणीही येऊन पोरीला दवाखान्यात नेलं असतं तरी पुरे होतं.

"खाली ठेव त्यो," आई म्हणाली.

मी विळा जमिनीवर ठेवला. ती उंबरा ओलांडून आत आली. पोर काखोटीला मारून, दुसऱ्या हातानं आणि दातांनी तिनं आपल्याच लुगड्याची चिंधी टरकावली आणि माझ्या तळव्याला बांधली.

"बस. मांडी घाल."

मी बसले. तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवली. चार दिवसांत ती इतकी हलकी झाली होती की मला हुंदका आला.

"पाज."

"आई, तू थांब इथं. मला एकटीला सोडू नको हिच्याजवळ. हात जोडते."

"मी रिक्षा बघते. दवाखान्यात न्ह्याय पायजे हिला. तवर पाज."

"आई, नको—"

ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. विळा तिथंच होता. माझ्या उजव्या गुडघ्यापासून दीड हातावर.

मृदुलाला ओढायचं बळ नव्हतं. तोंड लावायची आणि मान टाकायची. मी दूध पिळून थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडलं. आधी ते गालावरून ओघळून गेलं. मग ओठ हलले. आणि त्याच वेळी ते आलं. हिरव्या बांगड्या, मूठ, सगळं. उठून पळायला दारही बंद होतं, आणि पोर मांडीवर होती. मी पळाले असते तर ती खाली पडली असती. मी बसून राहिले. पहिल्यांदाच ते चित्र येऊन जाईपर्यंत बसून राहिले. ते गेलं. माझा हात तिच्या पाठीवरच होता, चिंधी बांधलेला. थोड्या वेळानं परत आलं. परत गेलं. तिनं एकदा ओढलं. मग आणखी एकदा. मी तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत होते, काय बोलत होते आठवत नाही. पावकी म्हणत असेन. मास्तरणीला दुसरं काय येतं?

बऱ्याच वेळानं दार उघडलं. रिक्षा आली होती.

मुलांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना असं झापलं की आण्णांच्या डेपोतही कुणी कुणाला तसं झापलं नसेल. तीन दिवस सलाईन लावलं. चौथ्या दिवशी पोर कडकडून भुकेनं रडली तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. आईनं त्याच डॉक्टरांना माझं सांगितलं. स्वतः सांगितलं, माझ्यादेखत, मान वर करून. त्यांनी सांगलीच्या, मनाच्या आजारांच्या एका बाई डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली.

त्या बाईंनी फार काही विचारलं नाही. "असं कर म्हणून कुणाचा आवाज येतो का?" "नाही." "तसं केलं तर बरं होईल असं वाटतं का?" मी खुर्चीतून उठलेच. "अहो, काय बोलताय!" "बसा. विचार आला की तुम्ही काय करता?" "पळते. विळा लपवते." त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "बाळंतपणाच्या आधी, पाळी यायच्या सुमाराला कधी असं काही व्हायचं?"

मी नाही म्हणणार होते. मग आठवलं. दर महिन्याला पाळीच्या आधीचे चार दिवस मी शाळेच्या विहिरीकडं पोरं घेऊन जायची नाही. आपण एखाद्याला ढकलू असं वाटायचं. घराचं कुलूप बघायला दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत यायची. पाळी आली की सगळं विसरून जायची. या दोन गोष्टींचं काही नातं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, हा आजार आहे, तुमच्यासारख्या बऱ्याच बायका माझ्याकडं येतात, याला औषध आहे. वर्षभर गोळ्या घेतल्या. चित्रं विरळ झाली, मग फिकट झाली, मग गेली. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यातच जाऊन सांगून आले. पन्नाशीत पाळी मागंपुढं व्हायला लागली तेव्हा एका सकाळी विळीवर भाजी चिरताना परत आलं. भ्याले, नाही असं नाही. पण ओळखलं, आणि अकराच्या गाडीनं सांगली गाठली.

काकीचं शेवटपर्यंत एकच म्हणणं होतं, गुण देवरुष्याच्या अंगाऱ्याचा.

आईशी मात्र त्या दुपारबद्दल मी कधी बोलले नव्हते. तिनंही विषय काढला नाही. मृदुला शिकली, नोकरीला लागली, आण्णा गेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना एकदा आम्ही दोघी सोप्यात वाल सोलत बसलो होतो, तेव्हा मला राहवलं नाही.

"आई, त्या दिवशी तू मला तिच्याजवळ एकटीला सोडून गेलीस. विळा तिथंच होता."

"हुता."

"विसरलीस उचलायचा?"

"विसरीन कशी? वलांडून गेले की त्यो."

"म्हणजे तुझा एवढा विश्वास होता माझ्यावर?"

आईनं हातातली शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले.

"कसला इस्वास? रिक्षा शेजारच्या मालननं आणली. मी कुठं गेले न्हवते. दाराला कान लावून पायरीवर बसले हुते. हातपाय निस्ते लटलट कापत हुते."

"मग आतच का नाही बसलीस?"

"आत बसले असते तर माझं त्वांड दिसलं असतं तुला," आई म्हणाली.